आई-लेकीतला चार बाइटचा फरक

बाईंच्या हातात पट्टी नसली की ऑफिसातली माणसं त्यांच्याकडे वळून बघायची. आज काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय एवढं कळायचं, काय ते कळायचं नाही. फूटभराची लाकडी पट्टी, कडेचे आकडे कधीच पुसून गेलेले. यंत्राच्या आकड्यांनी भरलेले छापील कागद टेबलावर पसरायचे, एका ओळीखाली पट्टी धरायची, ओळ वाचायची, पट्टी खाली सरकवायची. सगळी दुनिया पडद्यावर वाचत असताना बाई हे असं वाचत आल्या होत्या. पाठीमागे त्यांना पट्टीवाल्या बाई म्हणत आणि समोर नुसतं बाई. दोन्ही त्यांना ठाऊक होतं आणि दोन्हींचं त्यांना काही वाटत नव्हतं.

पदवी म्हणाल तर त्यांच्याकडे नव्हती. विसाव्या वर्षी त्या या कंपनीत टायपिस्ट म्हणून लागल्या. तेव्हाचे इंजिनियर प्रोग्राम कागदावर पेनाने लिहायचे आणि ते टाइप करून यंत्रात भरायचं काम या पोरीकडे असायचं. तीन वर्षांनी एक दिवस तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी तिला आत बोलावलं.

"हा प्रोग्राम तू भरलास?"

"हो."

"यात माझी एक चूक होती. काल घरी पोचल्यावर मला आठवली. सकाळी घाईघाईने येऊन बघतो तर प्रोग्राम अगदी नीट चालतोय."

पोरगी टेबलाच्या कडेकडे बघायला लागली.

"अगं बोल की."

"मी दुरुस्त केली."

"आधीही केल्यास?"

"बारीकसारीक बऱ्याच. मोठ्या दोनच."

साहेबांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्याच दिवशी तिचं टेबल टायपिस्टांच्या खोलीतून उचललं आणि इंजिनियरांच्या खोलीत नेऊन ठेवलं. तिथल्या दोघातिघांची नाकं मुरडली, पण ते फार दिवस टिकलं नाही. चुका सापडायच्या ना त्यांच्या!

कंपनी लिफ्टचे कंट्रोल बॉक्स बनवते. कुठल्या मजल्यावर बटण दाबलं गेलं, लिफ्ट कुठे आहे, दार कधी उघडायचं, हे सगळं ज्या पेटीतून ठरतं ती पेटी. तिच्या आत एक प्रोसेसर असतो आणि प्रोसेसरला फक्त आकडे कळतात. माणसाने शब्दांत लिहिलेला प्रोग्राम त्या आकड्यांत उतरवून देतो तो कंपायलर. एकतिसाव्या वर्षी बाईंनी कंपनीसाठी असा कंपायलर लिहिला, कारण तेव्हा त्या प्रोसेसरला विकत घ्यावा असा कंपायलर कुणाकडेच नव्हता. पुढची चोवीस वर्षं कंपनीच्या आणि तिच्या गिऱ्हाइकांच्या पेट्यांतली प्रत्येक ओळ बाईंच्या कंपायलरमधून गेली. बाईंना मूलबाळ नव्हतं. लोक हळहळायचे, बाई म्हणायच्या, "एक आहे, फार खोडकर आहे."

आणि मग तो प्रोसेसर बनवणाऱ्यांनी तो बनवणं बंद केलं.

सबंध कंपनीची धांदल उडाली. यापुढे एकाच प्रोसेसरच्या भरवशावर राहायचं नाही, तीन वेगवेगळ्या कारखान्यांचे तीन घ्यायचे आणि ज्या महिन्यात जो मिळेल तो पेटीत बसवायचा, असं ठरलं. साहेबांनी, म्हणजे आताच्या साहेबांनी, बाईंना स्पष्टच सांगितलं. "बाई, लिफ्ट कंपनीने मुदत दिलीय. त्यांचाच प्रोग्राम तुमच्या कंपायलरमधून तिन्ही प्रोसेसरवर चालवून दाखवायचा. चालला, तर पुढची दहा वर्षं तुमचाच कंपायलर. नाही चालला, तर बाहेरचा घेतील. मग तुमची खोली मी गोदामाला देऊन टाकतो, मला दुसरा इलाज नाही."

"आणि मी?"

"तुम्हाला काय, कुठेही सामावून घेऊ."

सामावून घेऊ! बाईंना हा शब्द जिव्हारी लागला. लोणच्याच्या बरणीत एखादी फोड कोंबावी तसा त्यांना तो वाटला. त्या तडक खोलीत आल्या आणि पट्टी उचलली.

कंपायलरचा शेवटचा भाग म्हणजे कोड जनरेटर. आधीचे भाग प्रोग्राम वाचतात, समजून घेतात. हा प्रत्यक्ष त्या प्रोसेसरचे आकडे बाहेर काढतो. जुन्या प्रोसेसरचं ज्ञान त्यात चोवीस वर्षं इतकं मुरलं होतं की ते वेगळं काढायलाच आठ महिने गेले. बाईंनी ते सगळं उपसून एका तक्त्यात मांडलं. या प्रोसेसरला रजिस्टरं किती, हिशोब कुठल्या आज्ञेने होतात, आकडा ठेवताना कुठल्या टोकापासून ठेवायचा, सगळं तक्त्यात. कोड जनरेटर एकच, तक्ते मात्र प्रोसेसरगणिक निराळे. पहिल्या नव्या प्रोसेसरचा तक्ता दोन महिन्यांत बसला. दुसऱ्याने नाकी नऊ आणले, कारण तो आकडे उलट्या टोकापासून ठेवायचा. तिसऱ्याचा तक्ता डॉक्टरांनी लिहिला.

डॉक्टर म्हणजे साधं पडसंही बरं न करता येणारे डॉक्टर. कंपायलर याच विषयात त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती आणि या कामासाठी त्यांना बाहेरून आणलं होतं. वय चाळीस, इस्त्रीचा शर्ट, टेबलावर तीन पडदे. पहिल्याच दिवशी त्यांनी पट्टी बघून विचारलं होतं, "बाई, यानं काय मोजता?" आणि स्वतःच हसले होते. बाई हसल्या नव्हत्या. पण माणूस हुशार होता हे मान्य करायला हवं, आणि बाईंनी ते मनात मान्य केलेलंही होतं. तोंडावर म्हणण्याची वेळ अजून आली नव्हती, इतकंच.

आता बाईंची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं पुढचं तिच्यावरच फिरलं. कंपायलर हाही एक प्रोग्रामच, आणि बाईंचा कंपायलर त्यांच्याच भाषेत लिहिलेला. म्हणजे तो स्वतःलाच आकड्यांत उतरवू शकतो. जुन्या यंत्रावरच्या कंपायलरला बाई आजी म्हणायच्या. आजीने नव्या यंत्रासाठी कंपायलर तयार करून द्यायचा, ती आई. मग आईला नव्या यंत्रावर बसवायचं आणि तिच्याकडून तोच कंपायलर पुन्हा तयार करून घ्यायचा, ती लेक. दोघींचा मूळ प्रोग्राम एकच, तेव्हा आई आणि लेक आकडा न् आकडा सारख्या निघायला हव्यात. एक बाइट जरी वेगळा निघाला, तरी कुठेतरी कुणीतरी खोटं बोलतंय. ही परीक्षा पास झाल्याशिवाय बाई सही करत नसत. यंत्र पहिलं पास. दुसरं पास.

सोमवारी लिफ्ट कंपनीचे तपासनीस येणार होते आणि त्याआधीच्या गुरुवारी दुपारी तिसऱ्या यंत्राची लेक जन्मली. आईत आणि तिच्यात चार बाइटचा फरक निघाला. सहा लाखांत चार.

"वेळ-तारीख असेल," डॉक्टर म्हणाले. "बरेच कंपायलर तयार झाल्याची वेळ आत लिहून ठेवतात. दोघी वेगळ्या वेळी तयार झाल्या, म्हणून फरक. तेवढे चार बाइट वगळून तुलना करू."

"आपला नाही लिहीत. मी ते एकोणीस वर्षांपूर्वी काढून टाकलंय."

"बरं. पण मी लेकीवर सगळ्या चाचण्या चालवल्यात. चारशे बारापैकी चारशे बारा. उत्तरं सगळी बरोबर."

"आणि वेग?"

"जरा रेंगाळतंय," डॉक्टर म्हणाले. "नवा बोर्ड आहे, असेल हळू."

साहेब दारातच उभे होते. "चारशे बारा बरोबर आहेत ना? मग लिहा की पास. लोक सोमवारी येतायत."

"लेक आईवर गेलेली नाही," बाई म्हणाल्या. "मी सही करणार नाही."

साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी छताकडे.

त्या संध्याकाळपर्यंत बाईंनी जागा शोधली. ते चार बाइट नेमके तिथे होते जिथे कोड जनरेटर स्वतःला विचारतो, की वापरायला कुठली रजिस्टरं मोकळी आहेत? रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेले खण. स्वयंपाक करताना ओट्यावर मावेल तेवढं ओट्यावर ठेवायचं आणि उरलेलं मागच्या खोलीत, तसं. तिसऱ्या प्रोसेसरला बत्तीस खण. आईच्या पोटात तिथे बत्तीसच्या बत्तीस घरांत एक लिहिलेला होता, म्हणजे सगळे खण तुझे. लेकीच्या पोटात बत्तीस शून्यं. एकही खण तुझा नाही! बिचाऱ्या लेकीने उतरवलेला प्रत्येक प्रोग्राम चमचा चमचा आणायला मागच्या खोलीत धावत होता. स्वयंपाक होत होता, उत्तरं बरोबर येत होती, पण रेंगाळत. बोर्डाचा काही दोष नव्हता.

शुक्रवारी सकाळी बाईंनी हे सगळ्यांसमोर मांडलं आणि मग जे बोलायला नको ते बोलल्या.

"खणांची संख्या तक्त्यातून येते. तक्ता तुमचा आहे, डॉक्टर. तुमचा तक्ता चुकलाय."

डॉक्टरांचे कान लाल झाले. "तक्त्यात बत्तीस लिहिलंय. तुम्हीच बघा ना."

"मग आणखी कुठेतरी चुकलंय. पदवीत शिकवत नसतील."

असं लागट बोलून बाईंना बरं वाटलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. चौदा महिन्यांपूर्वीचा तो पट्टीवरचा विनोद व्याजासकट परत केल्यासारखं वाटलं. डॉक्टर आपल्या तीन पडद्यांमागे गेले आणि दिवसभर बाहेर आले नाहीत. त्यांनी तक्ता चार वेळा तपासला. तक्ता बरोबर होता.

शनिवारी बाईंनी कागदांचा गठ्ठा घरी नेला. त्यांचे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. घरी स्वयंपाक तेच करायचे आणि बाईंपेक्षा चांगला करायचे. या दोघांची एक जुनी सवय होती. बाई हैराण झाल्या की यजमान मूळ प्रोग्राम ओळीओळीने मोठ्यानं वाचायचे आणि बाई समोर बसून पट्टीने आकडे जुळवायच्या. यजमानांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही आणि नेमका त्याचाच उपयोग व्हायचा. ज्याला कळतं तो जे असायला हवं ते वाचतो. यांना कळत नसल्यामुळे जे आहे तेच ते वाचायचे, स्वल्पविरामासकट.

जेवणाच्या टेबलावर कागद पसरले होते. यजमान खुर्ची मागे टेकवून, चष्मा नाकावर ओढून वाचत होते.

"खण बरोबर एक, डावीकडे सरकवा, किती, तर खणसंख्या. मग वजा एक. आणि पुढे काहीतरी शेरा आहे. वाचू?"

"शेरे नको. पुढे चला."

"अगं पण मजेशीर आहे. 'खण सोळाच. याहून जास्त कोण देणार आहे आपल्याला!' खाली तारीख." यजमानांनी चष्म्यावरून पाहिलं. "चोवीस वर्षांपूर्वीची. हे तुझंच आहे की. त्या वर्षी तू सगळ्यांना असंच बोलायचीस."

बाईंच्या हातातली पट्टी थांबली.

"परत वाचा."

"याहून जास्त कोण—"

"शेरा नाही हो! ओळ."

यजमानांनी ओळ परत वाचली. बाईंनी डोळे मिटले आणि बत्तीस दिव्यांची एक रांग डोळ्यांपुढे आणली. फक्त उजवीकडचा शेवटचा दिवा पेटलेला. तो उजेड डावीकडे सरकवायचा, खण असतील तितकी घरं. सोळा खण असतील तर सोळा घरं, काही अडचण नाही. बत्तीस खण असतील तर बत्तीस घरं. रांगच बत्तीसची! जुना प्रोसेसर म्हणतो, उजेड टोकावरून पडला, सगळा अंधार, शून्य. त्यातून एक वजा केला की शून्यावरचं मीटर मागे फिरवल्यावर सगळे नऊ व्हावेत तसे सगळे दिवे पेटतात. सगळे खण तुझे. पण तिसरा प्रोसेसर निराळ्या डोक्याचा. घड्याळाचा काटा बारा तास पुढे नेला तर जिथल्या तिथे येतो, तसं तो म्हणतो, बत्तीस म्हणजे एक पुरता फेरा, उजेड आहे तिथेच. एकातून एक वजा, शून्य. एकही खण तुझा नाही.

आणि हा हिशोब कंपायलर करायचा तो स्वतःच, ज्या यंत्रावर तो बसलाय त्या यंत्राच्या पद्धतीनं. आजीने तो जुन्या यंत्रावर केला, तो आईच्या पोटात बरोबर उतरला. आईने तोच हिशोब नव्या यंत्रावर केला आणि लेकीला शून्य दिलं. तक्त्यात चूक नव्हती. चूक त्या ओळीत होती, आणि ओळ बाईंची होती.

"काय झालं?" यजमान म्हणाले. "चेहरा का असा?"

"मी त्या माणसाला सगळ्यांसमोर बोलले हो."

"कुठल्या?"

बाईंनी फोन लावला. डॉक्टर बाजारात होते, मागून गलका ऐकू येत होता.

"डॉक्टर, तक्ता बरोबर आहे. चूक माझी आहे."

पलीकडचा गलका जरा कमी झाला. मग डॉक्टर म्हणाले, "बाई, तक्ता बरोबर आहे हे मी काल दिवसभर म्हणत होतो."

"हो. आज मी म्हणतेय. आणि सोमवारी सगळ्यांसमोर म्हणेन."

"ओळ कुठली?"

बाईंनी सांगितली. शेराही सांगितला, लपवला नाही. डॉक्टर इतके हसले की त्यांच्या हातातलं काहीतरी खाली पडल्याचं बाईंना ऐकू आलं.

रविवारी सकाळी तिघेही ऑफिसात होते. साहेबांचा जीव भांड्यात पडला होता. "एकच ओळ ना? तिथे थेट 'सगळे खण' असं लिहा आणि मोकळे व्हा. पाच मिनिटांचं काम."

"पाच मिनिटांचंच आहे," बाई म्हणाल्या. "पण ते मी करणार नाही."

"आता काय?"

"साहेब, ही चूक मी केली. मी! चोवीस वर्षं या भाषेत लिहिणाऱ्या बाकीच्यांनी ती केली नसेल असं तुम्हाला वाटतं? सगळ्यांना जुन्या यंत्राची सवय आहे. एक ओळ झाकली तर फक्त माझी अब्रू झाकली जाईल. आपल्या भाषेत बत्तीस घरं सरकवलं तर उत्तर शून्यच यायला हवं, यंत्र कुठलंही असो. कंपायलर स्वतः हिशोब करतो तिथेही आणि प्रोग्राम चालताना होतो तिथेही. ते कोड जनरेटरमध्येच करायला हवं."

"मग तिन्ही यंत्रांच्या परीक्षा परत?"

"तिन्ही."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी आधारासाठी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांना शुक्रवारचं उट्टं काढायची याहून चांगली संधी मिळाली नसती. ते म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे. तिसऱ्यासाठी प्रत्येक सरकवण्याआधी दोन जादा आज्ञा घालाव्या लागतील. त्या मी लिहितो." आणि बाह्या दुमडून बसले.

त्या दिवशी ते दोघं जसे काम करत होते ते बघायला हवं होतं. बाई कंपायलरच्या पोटातला हिशोब दुरुस्त करत होत्या, डॉक्टर त्या दोन आज्ञा. एकजण लिहायचा, दुसरा खोड काढायचा, आणि कुणाला राग येत नव्हता. दुपारी यजमान तिघांचे डबे घेऊन आले आणि साहेबांनी पहिल्यांदाच त्या खोलीत खुर्चीवर बसून जेवण केलं. साडेतीनला पहिलं यंत्र झालं, आई-लेक तंतोतंत. चारला दुसरं. पावणेपाचला तिसऱ्याची तुलना सुरू झाली. सहा लाख बाइट आणि मग पडद्यावर एकच शब्द आला, समान.

"फरक?" साहेबांनी विचारलं.

"शून्य," बाई म्हणाल्या, आणि बाईंनी टाळी वाजवली. एकच, पण वाजवली. मग त्यांनी पेन घेतलं आणि सही केली.

सोमवारी अकराला लिफ्ट कंपनीचे तपासनीस आले. लिफ्ट तपासणारा हा माणूस तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढून आला, यावरूनच काय ते समजा. धिप्पाड, घामाघूम, बोलणं मोजकं. प्रोग्राम त्यांनी स्वतः आणला होता. तो बाईंच्या कंपायलरमधून जाऊन तिन्ही पेट्यांत उतरला. प्रत्येक पेटीला एक फळा जोडलेला, फळ्यावर मजल्यांचे दिवे. ज्या मजल्यावर लिफ्ट जाऊ शकते त्या मजल्याचा दिवा हिरवा. इमारत किती मजल्यांची ते पेटीवरची चकती फिरवून सांगायचं. सगळ्यांनी बारा मजले लावून बघितले, वीस लावून बघितले. उत्तम.

बाईंनी मध्येच सांगितलं, "एक गोष्ट सांगायचीय. गुरुवारी इथे एक चूक सापडली. मी शुक्रवारी ती डॉक्टरांवर ढकलली, सगळ्यांसमोर. ती माझी होती, चोवीस वर्षांपूर्वीची. काल दुरुस्त केलीय."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. गिऱ्हाइकासमोर हे सांगायची काही गरज होती का! तपासनिसांनी बाईंकडे बराच वेळ पाहिलं. "कसली चूक?"

बाईंनी दिव्यांच्या रांगेवरून समजावली.

"अच्छा," तपासनीस म्हणाले. ते तिसऱ्या पेटीकडे वळले आणि त्यांनी चकती शेवटपर्यंत फिरवली. बत्तीसवर.

खालपासून वरपर्यंत बत्तीसही दिवे हिरवे झाले. खालचं बटण दाबलं, वरचं दाबलं, मधलं दाबलं. लिफ्टचा दिवा शहाण्यासारखा वर गेला, खाली आला.

"आमच्या प्रोग्राममध्येही तीच ओळ आहे," तपासनीस हळू म्हणाले. "मजल्यांसाठी. तुम्ही सांगत होता तेव्हाच मला आठवली. मीच लिहिलीय."

त्यांनी चकतीवरचा हात काढला. मग ते म्हणाले, "तुमचा शुक्रवारचा कंपायलर अजून आहे का?"

डॉक्टरांनी तो पाच मिनिटांत बसवला. तोच प्रोग्राम, तीच पेटी, चकती बत्तीसवरच. वीज दिली. फळ्यावर एकही दिवा लागला नाही. तपासनिसांनी तळमजल्याचं बटण दाबलं, मग दहाव्याचं, मग बत्तिसाव्याचं. त्या इमारतीत लिफ्टला जायला एकही मजला नव्हता. चारशे बारा चाचण्या पास झालेला कंपायलर होता तो.

तपासनीस काळ्या फळ्याकडे बघत उभे राहिले. "बत्तीस मजल्यांच्या आमच्याकडे सात इमारती आहेत," ते म्हणाले. "एक इस्पितळाची आहे."

त्यांनी खिशातून पेन काढलं, उभ्या उभ्याच टेबलावर वाकले आणि तीन कागदांवर तीन सह्या केल्या. पुढची दहा वर्षं. मग दारापाशी जाऊन परत वळले. "बाई, तुम्ही हे शोधलं कसं?"

बाईंनी पट्टी वर करून दाखवली. "आणि आमचे हे वाचून दाखवतात."

ते गेल्यावर साहेबांचा उत्साह गगनात मावेना. त्यांनी डॉक्टरांचे हात हातात घेतले, बाईंचे हात हातात घेतले, गोदामासाठी या खोलीच्या चाव्या मागायला आलेल्या माणसाला हाकलून दिलं. बाई खिडकीशी उभ्या होत्या. चोवीस वर्षांत त्यांना इतका आनंद झाला नव्हता आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. डोळे पुसले, नाक पुसलं, हसल्या.

"एक सांगायचं राहिलं," साहेब म्हणाले. "आत्ता म्हणावं की नको कळत नव्हतं. चौथा प्रोसेसर बघतायत ते. चौसष्ट खणांचा."

बाई टेबलाशी आल्या. त्यांनी मूळ प्रोग्राममधली ती ओळ काढली. 'याहून जास्त कोण देणार आहे आपल्याला' हा शेरा तसाच ठेवून त्याखाली नवी तारीख टाकली आणि लिहिलं, 'देतात.' मग ड्रॉवर उघडून त्यांनी आतून दुसरी पट्टी काढली, नवी, आकडे ठसठशीत असलेली, आणि ती डॉक्टरांच्या तीन पडद्यांसमोर ठेवली.

"चला," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी पट्टी उचलली आणि या खेपेला यानं काय मोजतात असं विचारलं नाही.